सरकत्या प्रभारावर विद्युत बलानं केलेलं कार्य कसं काढायचं

प्रभार विद्युत क्षेत्रात एका जागेहून दुसऱ्या जागी गेला, तर क्षेत्रानं त्याच्यावर किती कार्य केलं हे काढायला तीन गोष्टी पुरतात: चिन्हासकट प्रभार, निघाला त्या जागेचं विभव (म्हणजे तिथे दर कूलोममागे असलेली विद्युत स्थितिज ऊर्जा) आणि पोचला त्या जागेचं विभव. सूत्र एका ओळीचं आहे:

कार्य = प्रभार × (सुरुवातीचं विभव − शेवटचं विभव)

प्रभार कूलोममध्ये, विभव व्होल्टमध्ये घेतलं की कार्य ज्यूलमध्ये येतं, कारण एक व्होल्ट म्हणजेच कूलोममागे एक ज्यूल. इतकं सोपं सूत्र असूनही उत्तरं चुकतात, आणि बहुतेकदा आकडा बरोबर येऊन चिन्ह उलटं पडतं. ही चूक किरकोळ समजू नये. अधिक चिन्ह म्हणजे क्षेत्रानं प्रभाराला ऊर्जा दिली, उणे म्हणजे काढून घेतली. चिन्ह उलटलं की सगळी गोष्टच उलटते. म्हणून खाली आकडेमोडीइतकीच जागा चिन्हाला दिली आहे.

(खाली १०^−६ असं लिहिलंय तिथे १० चा उणे सहावा घात असं वाचावं.)

आधी ठरवा: कार्य कोणाचं?

गणित वाचल्यावर पेन उचलण्याआधी एवढं ठरवायचं, की विचारलेलं कार्य विद्युत बलाचं आहे की प्रभार नेणाऱ्या बाहेरच्या बलाचं. "क्षेत्रानं केलेलं", "विद्युत बलानं केलेलं" असे शब्द असतील तर वरचं सूत्र जसंच्या तसं लावायचं. "प्रभार नेण्यासाठी करावं लागणारं कार्य" असं असेल, तर बाहेरच्या बलाचं कार्य हवंय. स्थितिज ऊर्जेतला बदल ही तिसरी राशी. ती क्षेत्राच्या कार्याच्या बरोबर उलट चिन्हाची असते.

बाहेरच्या बलाचं कार्य हे क्षेत्राच्या कार्याच्या उणे असतं, असं सरसकट पाठ केलं जातं. ते खरं केव्हा? सुरुवातीला आणि शेवटी प्रभाराचा वेग सारखाच असेल तेव्हाच. म्हणूनच प्रश्नात "हळूहळू नेला" असं लिहिलेलं असतं. वेग बदलत असेल तर हे वापरा:

क्षेत्राचं कार्य + बाहेरच्या बलाचं कार्य = गतिज ऊर्जेतली वाढ

समजा क्षेत्राचं कार्य −६०० मायक्रोज्यूल आहे आणि पोचताना प्रभाराची गतिज ऊर्जा ५० मायक्रोज्यूलनं वाढली आहे. मग बाहेरच्या बलाला ६५० मायक्रोज्यूल द्यावे लागले. इथे ६०० लिहिणं चूक.

वजाबाकीचा क्रम आणि चिन्हाचा ताळा

भौतिकशास्त्रात इतरत्र "शेवट वजा सुरुवात" करायची सवय लागलेली असते. इथे क्रम उलटा आहे: सुरुवात वजा शेवट. तुम्हाला शेवट वजा सुरुवातच सोयीचं वाटत असेल तर पुढे एक उणे चिन्ह लावा, पण दोन्हींपैकी एकच पद्धत धरा. अर्ध्यात पद्धत बदलली की चिन्ह हमखास हरवतं.

प्रभाराचं चिन्ह पहिल्याच ओळीत लिहा आणि शेवटपर्यंत सोडू नका. "नंतर लावू" म्हटलं की ते एकतर विसरतं किंवा दोनदा लागतं.

उत्तर आल्यावर ताळा असा करायचा. धन प्रभाराला विभव हे जमिनीच्या उंचीसारखं असतं. तो जास्त विभवाकडून कमी विभवाकडे आपसूक घरंगळतो, आणि घरंगळताना क्षेत्राचं कार्य धन असतं. कमी विभवाकडून जास्तीकडे त्याला ढकलावं लागतं, तेव्हा ते ऋण. ऋण प्रभाराला हाच नकाशा उलटा लागू होतो. त्याच्यासाठी जास्त विभवाची जागा म्हणजे खड्डा, कमी विभवाची जागा म्हणजे टेकडी.

उदाहरण घेऊ. −२ मायक्रोकूलोमचा प्रभार ४० व्होल्टच्या बिंदूपासून १०० व्होल्टच्या बिंदूपर्यंत गेला.

कार्य = (−२ मायक्रोकूलोम) × (४० − १००) व्होल्ट = (−२) × (−६०) = +१२० मायक्रोज्यूल

ऋण प्रभार जास्त विभवाकडे गेला, म्हणजे त्याच्या दृष्टीनं खड्ड्यात उतरला. कार्य धनच यायला हवं, आणि आलं. स्थितिज ऊर्जा १२० मायक्रोज्यूलनं घटली. हळूहळू नेला असेल तर बाहेरच्या बलाचं कार्य −१२० मायक्रोज्यूल, म्हणजे नेणाऱ्यानं त्याला पुढे ढकललं नाही, उलट मागे धरून ठेवलं.

एकसमान क्षेत्र: दोन समांतर प्लेट

४ मिलिमीटर अंतरावर दोन समांतर प्लेट आहेत आणि त्यांच्यात २०० व्होल्टचं विभवांतर आहे. मधल्या भागातलं क्षेत्र म्हणजे २०० भागिले ०.००४ मीटर, म्हणजे ५०,००० व्होल्ट प्रति मीटर, आणि त्याची दिशा धन प्लेटकडून ऋण प्लेटकडे. क्षेत्र सगळीकडे सारखं असल्यामुळे इथे बल आणि विस्थापनाची सरळ रीतही चालते:

कार्य = प्रभार × क्षेत्र × विस्थापन × (क्षेत्र आणि विस्थापन यांच्यामधल्या कोनाचा कोसाइन)

+३ नॅनोकूलोमचा प्रभार धन प्लेटपासून ०.५ मिलिमीटरवर आहे. तो क्षेत्राच्या दिशेनं ३ मिलिमीटरच्या खुणेपर्यंत गेला, म्हणजे विस्थापन २.५ मिलिमीटर.

बलाच्या रीतीनं: बल = ३ × १०^−९ × ५०,००० = १.५ × १०^−४ न्यूटन. कार्य = १.५ × १०^−४ × २.५ × १०^−३ = ३.७५ × १०^−७ ज्यूल, म्हणजे ३७५ नॅनोज्यूल.

विभवाच्या रीतीनं: ऋण प्लेट शून्य व्होल्टवर धरू. दर मिलिमीटरला ५० व्होल्ट घटतात. म्हणून सुरुवातीचं विभव २०० − २५ = १७५ व्होल्ट, शेवटचं २०० − १५० = ५० व्होल्ट. कार्य = ३ × (१७५ − ५०) = ३ × १२५ = ३७५ नॅनोज्यूल. शून्य धन प्लेटवर धरलं असतं तर दोन्ही आकडे बदलले असते, फरक १२५ च राहिला असता. शून्य कुठे ठेवायचं हे तुमच्या हातात आहे. ते एकदा ठरवून दोन्ही बिंदूंना तेच लावलं की झालं.

आता तोच प्रभार क्षेत्राच्या दिशेनं २.५ मिलिमीटर आणि प्लेटना समांतर ६ मिलिमीटर असा तिरका गेला तर? वाटेची लांबी ६.५ मिलिमीटर झाली. इथेच पुष्कळांचा हात घसरतो. बलाला ६.५ मिलिमीटरनं गुणून ९७५ नॅनोज्यूल लिहिले जातात. पण कोसाइन २.५ भागिले ६.५, म्हणजे सुमारे ०.३८५ आहे. तो लावला की उत्तर परत ३७५ वर येतं. प्लेटना समांतर सरकताना बल आणि हालचाल काटकोनात असतात, त्या ६ मिलिमीटरना क्षेत्रानं काहीच कार्य केलेलं नसतं. वाट नागमोडी असो की गोल फिरून आलेली, प्रभार दोन्ही टोकांच्या दरम्यान क्षेत्राच्या दिशेनं किती सरकला एवढंच मोजायचं.

ऋण प्रभाराच्या बाबतीत कोन मोजताना एक सापळा आहे. ऋण प्रभारावरचं बल क्षेत्राच्या उलट दिशेला असतं. कोन क्षेत्रापासून मोजलात तर प्रभार उणे चिन्हासकट घाला. कोन बलापासून मोजलात तर प्रभाराचं निव्वळ मूल्य घाला. दोन्ही एकदम केलं की उणे दोनदा लागतं आणि उत्तर परत धन होतं.

प्लेटच्या कडांजवळ क्षेत्ररेषा बाहेर फुगतात, तिथे ५०,००० हा आकडा लागू होत नाही. प्लेटची लांबी-रुंदी मधल्या अंतराच्या मानानं बरीच मोठी असेल आणि प्रभार कडेपासून दूर असेल, तरच बलाची रीत वापरा. मात्र प्रभार एका प्लेटपासून थेट दुसऱ्या प्लेटपर्यंत गेला असेल, तर कडेनं गेला तरी विभवांतर २०० व्होल्टच आहे, आणि विभवाच्या रीतीनं काढलेलं उत्तर अचूकच येतं. विभवाची रीत हाताशी असेल तर तीच आधी वापरावी, याचं हे एक ठोस कारण.

बिंदूप्रभाराजवळ बल बदलतं

कूलोमनं १७८५ मध्ये पिळाच्या तराजूवर मांडलेला नियम सांगतो, की दोन बिंदूप्रभारांमधलं बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं. म्हणजे प्रभार सरकला की बल बदललं. इथे "बल गुणिले अंतर" लावलं की उत्तर फसतं. किती फसतं ते एकदा आकड्यांत बघण्यासारखं आहे.

+५ मायक्रोकूलोमचा प्रभार जागेवर पक्का आहे. +२ नॅनोकूलोमचा प्रभार त्याच्यापासून ३० सेंटिमीटरवरून १० सेंटिमीटरवर आणला. कूलोम स्थिरांक ९ × १०^९ घेऊ (अधिक नेमका ८.९९ × १०^९).

३० सेंटिमीटरवरचं विभव = ९ × १०^९ × ५ × १०^−६ ÷ ०.३ = १,५०,००० व्होल्ट
१० सेंटिमीटरवरचं विभव = ४५,००० ÷ ०.१ = ४,५०,००० व्होल्ट
कार्य = २ × १०^−९ × (१,५०,००० − ४,५०,०००) = −६ × १०^−४ ज्यूल = −६०० मायक्रोज्यूल

दोन्ही धन प्रभार जवळ आणले, क्षेत्र विरोध करणारच. चिन्ह ऋण, बरोबर.

आता बलाकडे पाहा. ३० सेंटिमीटरवर बल १ मिलिन्यूटन, १० सेंटिमीटरवर ९ मिलिन्यूटन. सरकलेलं अंतर २० सेंटिमीटर. सुरुवातीचं बल धरलं तर २०० मायक्रोज्यूल येतात, शेवटचं धरलं तर १,८००, आणि दोन्हींची साधी सरासरी ५ मिलिन्यूटन धरली तर १,०००. खरं उत्तर ६००. साधी सरासरीही इथे उपयोगाची नाही, कारण बल बराच वेळ कमी राहतं आणि शेवटच्या टप्प्यात एकदम चढतं.

एक सुंदर गोष्ट मात्र आहे. दोन्ही बलांचा गुणोत्तर मध्य घ्या: १ गुणिले ९, त्याचं वर्गमूळ ३ मिलिन्यूटन. ३ मिलिन्यूटन गुणिले ०.२ मीटर बरोबर ६०० मायक्रोज्यूल. हा योगायोग नाही. बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असेल आणि हालचाल त्याच त्रिज्येवरून असेल, तर हे नेहमीच जमतं. विभवाच्या रीतीनं आलेलं उत्तर तपासायला दहा सेकंदांचा ताळा मिळतो.

अंतर नेहमी केंद्रापासून, म्हणजे पक्क्या प्रभारापासून मोजायचं. विभवाच्या सूत्रात अंतराचा वर्ग नसतो, बलाच्या आणि क्षेत्राच्या सूत्रात असतो. घाईत वर्ग इकडचा तिकडे जातो. शंका आली तर एकक बघा: भागाकारात मीटरचा वर्ग राहिला तर ते व्होल्ट नव्हेच.

प्रभार त्याच वर्तुळावर, म्हणजे केंद्रापासून तेवढ्याच अंतरावर, कितीही फिरवला तरी क्षेत्राचं कार्य शून्य. तिथली प्रत्येक जागा एकाच विभवाची आहे.

प्रभार निर्वात किंवा हवेत नसून एखाद्या अवाहक द्रवात पूर्ण बुडालेले असतील, तर विभवाला त्या द्रवाच्या सापेक्ष विद्युतशीलतेनं (निर्वाताच्या तुलनेत तो द्रव क्षेत्र किती पट कमी करतो, त्या आकड्यानं) भागा. साध्या तापमानाच्या शुद्ध पाण्यासाठी हा आकडा सुमारे ८० आहे, म्हणजे तेच कार्य जवळपास ऐंशीव्या हिश्शावर येतं. हवेसाठी तो १ च्या इतका जवळ आहे की वेगळा धरावा लागत नाही.

एकापेक्षा जास्त प्रभार असतील तर

इथे विभवाची रीत किती श्रम वाचवते ते कळतं. क्षेत्र सदिश आहे, त्याचे घटक पाडून बेरीज करावी लागते. विभव अदिश आहे, नुसती चिन्हासकट बेरीज करायची.

४ सेंटिमीटर लांब आणि ३ सेंटिमीटर रुंद आयत घ्या. शिरोबिंदू क्रमानं अ, ब, क, ड. अब ही लांब बाजू. अ वर +६ नॅनोकूलोम, ब वर −३ नॅनोकूलोम पक्के बसवले आहेत. +२ नॅनोकूलोमचा प्रभार ड पासून क पर्यंत नेला.

ड पासून अ ३ सेंटिमीटरवर आणि ब कर्णानं ५ सेंटिमीटरवर. ड चं विभव = ५४ ÷ ०.०३ − २७ ÷ ०.०५ = १,८०० − ५४० = १,२६० व्होल्ट.
क पासून अ ५ सेंटिमीटरवर, ब ३ सेंटिमीटरवर. क चं विभव = ५४ ÷ ०.०५ − २७ ÷ ०.०३ = १,०८० − ९०० = १८० व्होल्ट.
कार्य = २ नॅनोकूलोम × (१,२६० − १८०) = २,१६० नॅनोज्यूल, म्हणजे २.१६ मायक्रोज्यूल.

(५४ आणि २७ हे ९ × १०^९ ला अनुक्रमे ६ आणि ३ नॅनोकूलोमनं गुणून आले. हा गुणाकार आधीच करून ठेवला की पुढे नुसते भागाकार उरतात.)

सरकणाऱ्या प्रभाराचं स्वतःचं विभव या बेरजेत कधीही धरायचं नाही. इथे +२ नॅनोकूलोम दोन्ही वेळा बाहेरच आहे. चारही कोपऱ्यांवर प्रभार दिलेले असतील आणि त्यातलाच एक हलवायचा असेल, तर उरलेल्या तिघांचंच विभव काढा.

क्षेत्र दिलंय, विभव नाही

कधी क्षेत्र हे अंतराचं फलन म्हणून दिलेलं असतं, कधी नुसती मोजमापांची यादी असते. तेव्हा क्षेत्र-अंतर आलेखाखालचं क्षेत्रफळ काढायचं. ते क्षेत्रफळ म्हणजेच सुरुवात वजा शेवट हे विभवांतर, व्होल्टमध्ये. मग त्याला चिन्हासकट प्रभारानं गुणायचं.

क्षेत्र = २०० + ३०० × अंतर (व्होल्ट प्रति मीटर), प्रभार ० पासून २ मीटरपर्यंत क्षेत्राच्या दिशेनं गेला. संकलन केलं तर २०० × २ + १५० × ४ = १,००० व्होल्ट. आलेख सरळ रेषा असल्यामुळे टोकांची सरासरीही इथे चालते: २०० आणि ८०० ची सरासरी ५००, गुणिले २ मीटर, १,०००. +५ मायक्रोकूलोमवर कार्य ५ मिलिज्यूल.

मोजमापांची यादी असेल तर पट्ट्या पाडा. आधीच्या बिंदूप्रभाराचंच उदाहरण घेऊ, म्हणजे चूक किती राहते ते कळेल. १०, १५, २०, २५, ३० सेंटिमीटरवर बल अनुक्रमे ९, ४, २.२५, १.४४, १ मिलिन्यूटन. समलंब चौकोनांची रीत: पहिल्या आणि शेवटच्या आकड्याचं निम्मं, मधले पूर्ण, बेरजेला पट्टीच्या रुंदीनं गुणा. ४.५ + ४ + २.२५ + १.४४ + ०.५ = १२.६९, गुणिले ०.०५ मीटर, सुमारे ६३५ मायक्रोज्यूल. खऱ्या ६०० पेक्षा जवळजवळ ६ टक्के जास्त. आलेख खाली झुकलेल्या दोरीसारखा असल्यामुळे दोन बिंदूंना जोडणारी सरळ रेषा नेहमी त्याच्या वरून जाते, म्हणून या रीतीनं इथे उत्तर जास्तच येणार. सिम्प्सनचा नियम लावला तर (९ + ४×४ + २×२.२५ + ४×१.४४ + १) = ३६.२६, गुणिले ०.०५ ÷ ३, सुमारे ६०४. चार पट्ट्यांत एवढी जवळीक पुरेशी आहे. सिम्प्सनला पट्ट्यांची संख्या सम लागते आणि रुंदी सारखी लागते, हे यादी बघतानाच तपासा.

ही बेरीज बलाच्या निव्वळ मूल्याची आहे, दिशेचं चिन्ह तिच्यात नाही. आपला प्रभार ३० कडून १० कडे, बलाच्या विरुद्ध गेला होता, म्हणून चिन्ह ऋण. यादीतून क्षेत्रफळ काढताना दिशा हमखास निसटते.

इलेक्ट्रॉन, प्रोटॉन आणि वेग

मूलभूत प्रभार, म्हणजे एका प्रोटॉनचा प्रभार, १.६०२१७६६३४ × १०^−१९ कूलोम. २० मे २०१९ पासून हा आकडा व्याख्येनंच अचूक ठरवला आहे. इतक्या लहान प्रभारांसाठी ज्यूल अडचणीचं होतं, म्हणून इलेक्ट्रॉन-व्होल्ट वापरा: मूलभूत प्रभार एक व्होल्टमधून गेला की एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट. वरच्या प्लेटमधला १७५ ते ५० व्होल्टचा प्रवास इलेक्ट्रॉननं केला तर कार्य −१२५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, प्रोटॉननं केला तर +१२५. अल्फा कणाचा प्रभार दुप्पट, म्हणून +२५०. अल्फा कणाचं वस्तुमान प्रोटॉनच्या सुमारे चौपट आहे, पण कार्याच्या सूत्रात वस्तुमान येतच नाही. ते फक्त वेग काढताना लागतं.

निर्वात जागेत इलेक्ट्रॉन ऋण प्लेटपाशी स्थिर होता आणि २०० व्होल्ट पार करून धन प्लेटपाशी पोचला. कार्य = (−१) × (० − २००) = +२०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट = ३.२० × १०^−१७ ज्यूल. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान ९.१०९ × १०^−३१ किलोग्रॅम. वेग = (२ × कार्य ÷ वस्तुमान) याचं वर्गमूळ = सुमारे ८.३९ × १०^६ मीटर प्रति सेकंद. वेगासाठी ज्यूलच घाला. इलेक्ट्रॉन-व्होल्टचा आकडा थेट घालणं ही इथली ठरलेली चूक आहे. गुरुत्वाकर्षणाची काळजी नको: या क्षेत्रात इलेक्ट्रॉनवरचं विद्युत बल त्याच्या वजनाच्या सुमारे १०^१५ पट आहे.

विभवांतर वाढत गेलं की वेगाचं हे साधं सूत्र सुटायला लागतं. २,५०० व्होल्टला ते सुमारे ०.४ टक्के जास्त वेग दाखवतं. जुन्या चित्रनलिकेच्या टीव्हीत असतं तसं २५,००० व्होल्ट घेतलं तर ९.३८ × १०^७ मीटर प्रति सेकंद दाखवतं, तर सापेक्षता धरून खरा वेग ९.०५ × १०^७. कार्य मात्र दोन्ही वेळा बिनचूक प्रभार गुणिले विभवांतर. बिघडतं ते वेगाचं सूत्र, कार्याचं नाही.

परिपथ आणि कपॅसिटर

तारेतून वाहणाऱ्या प्रभारालाही हेच लागू आहे. दिव्याच्या टोकांमध्ये ६ व्होल्ट, प्रवाह ०.५ अँपिअर, वेळ २ मिनिटं. प्रभार = ०.५ × १२० = ६० कूलोम, कार्य ३६० ज्यूल. मिनिटांचे सेकंद करायला विसरू नका. प्रत्यक्ष वाहतात ते इलेक्ट्रॉन, उलट दिशेनं. पण प्रभारही ऋण आणि विभवाचा फरकही उलटा, त्यामुळे दोन उणे मिळून तेच ३६०. घटाच्या आत मात्र धन प्रभार कमी विभवाकडून जास्तीकडे जातो. तिथे विद्युत बलाचं कार्य ऋण असतं आणि ढकलण्याचं काम रासायनिक क्रिया करते.

कपॅसिटरच्या सूत्रातला "अर्धा" इकडे आणू नका. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १२ व्होल्टपर्यंत भरला, तर प्रभार १,२०० मायक्रोकूलोम आणि साठलेली ऊर्जा ७.२ मिलिज्यूल, म्हणजे प्रभार गुणिले विभवांतराच्या निम्मी. कारण भरताना विभवांतर शून्यापासून वाढत गेलं, पहिला प्रभार फुकट गेला आणि शेवटचा १२ व्होल्टवर चढला. विभवांतर पक्कं असताना एखादा प्रभार ते पार करतो तेव्हा अर्धा येत नाही. बॅटरीचं विभवांतर पक्कं असतं, म्हणून तिनं मात्र १४.४ मिलिज्यूल दिले. उरलेले ७.२ वाटेतल्या रोधात उष्णता झाले.

कॅल्क्युलेटर आणि एककं

घात घालण्याची खास कळ "× १०^" सकटच असते. आधी गुणिले १० दाबून मग ती कळ दाबली की उत्तर दहापट होतं. आकडा बरोबर आणि दशांश एका घरानं सरकलेला दिसला तर आधी हेच बघा. मिलिमीटर, सेंटिमीटर सुरुवातीलाच मीटरमध्ये आणा. नॅनो आणि मायक्रो मात्र शेवटपर्यंत तसेच ठेवले तरी चालतं, कारण नॅनोकूलोम गुणिले व्होल्ट सरळ नॅनोज्यूल होतं.

जिथे विभव उपयोगी पडत नाही

आसपास चुंबकीय क्षेत्र असेल तर त्याचं बल वेगाला नेहमी काटकोनात असतं, त्याचं कार्य शून्य. मार्ग वाकेल, पण दोन टोकांमधलं विद्युत बलाचं कार्य विभवाच्या रीतीनंच काढा.

जवळ मोकळा धातू असेल तर जपून. प्रभार सरकला की धातूवरचे प्रभारही सरकतात, म्हणजे तुम्ही "पक्के" धरलेले प्रभार पक्के नसतात. जमिनीला जोडलेल्या मोठ्या सपाट धातूच्या पत्र्यासमोरचा प्रभार अनंतापर्यंत नेताना, पत्र्यामागे उलट चिन्हाचा आरसा-प्रभार आहे असं मानून बल काढता येतं. पण तो आरसा-प्रभारही सोबत मागे सरकतो. तो जागेवर पक्का धरून विभवाचं सूत्र लावलं तर कार्याचा आकडा दुप्पट येतो.

आणि चुंबकीय प्रवाह (फ्लक्स, म्हणजे वाटेनं वेढलेल्या भागातून आरपार जाणारं एकूण चुंबकीय क्षेत्र) बदलत असेल, तर फॅरडेनं १८३१ मध्ये दाखवलेलं प्रेरित विद्युत क्षेत्र तयार होतं. ते बंद वाटेवरही कार्य करतं. एखाद्या वाटेनं वेढलेला चुंबकीय प्रवाह सेकंदाला ०.०२ वेबर, म्हणजेच ०.०२ व्होल्ट, या ठरावीक दरानं बदलत असेल, तर +५ मायक्रोकूलोमच्या प्रभाराला क्षेत्राच्या दिशेनं दर फेरीला ०.१ मायक्रोज्यूल मिळतात. दहा फेऱ्यांत १ मायक्रोज्यूल, उलट फिरवला तर तेवढेच उणे. प्रभार निघाल्या जागी परत आलेला असतो, तरी कार्य शून्य नसतं. अशा ठिकाणी "सुरुवातीचं विभव" या शब्दांना अर्थच उरत नाही. मार्ग, फिरण्याची दिशा आणि फेऱ्यांची संख्या हे तिन्ही लिहून मगच आकडा काढायचा.